देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये काही वर्षं काढली की एक गमतीशीर शब्द कधी ना कधी कानावर पडतोच: 'डूलाली'. कुणी विचित्र वागायला लागलं, की जुनी मंडळी हसून म्हणतात, 'ही हॅज गॉन डूलाली!' म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. आता हा शब्द पुन्हा एकदा सावकाश म्हणून बघा. ओळखीचा वाटला? हो, ही आपली नाशिकजवळची देवळालीच!

१८६० च्या दशकात इंग्रज सरकारने देवळालीला लष्करी तळ उभारला. विलायतेहून आलेल्या पलटणी आधी तिथे थांबत आणि नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाईही परतीच्या बोटीसाठी तिथेच येऊन राहत. पण सैनिकांना नेणाऱ्या बोटी मुंबईहून सुटत त्या हिवाळ्याच्या मोसमात. मोसम संपल्यावर मुदत संपली, तर पुढच्या बोटीपर्यंत कित्येक महिने मुक्काम. काम नाही, कवायत नावापुरती. वर उन्हाळा, दारू आणि हिवताप. त्यात काही जण खरोखरच भ्रमिष्टासारखे वागू लागत.

सैनिकांनी या अवस्थेला नाव दिलं 'डूलाली टॅप'. इथला 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, तर हिंदुस्थानीतला 'तप', आपल्या 'ताप' या शब्दाचा सख्खा भाऊ. देवळालीचा ताप! फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तळावरच्या कंटाळ्यातूनच ही म्हण निघाली असावी, असं त्यानेही लिहिलं आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसती 'डूलाली' उरली.

गंमत अशी, की आपल्याकडे देवळाली प्रसिद्ध आहे ती उत्तम हवेसाठी. प्रकृती सुधारायला लोक तिथल्या सॅनेटोरियममध्ये जाऊन राहत. इंग्रजीत मात्र त्याच गावाचं नाव वेडाला चिकटलं. दोष गावाचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. घरी निघालेल्या माणसाला मध्येच अडकून पडावं लागलं, की जीव कसा कासावीस होतो, हे परदेशात राहणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा यापुढे कुणी 'डूलाली' म्हणालं, तर जरूर हसा. पण मग ही गोष्टही सांगा: देवळालीची, आणि बोटीची वाट पाहणाऱ्या त्या शिपायांची.