बेचकी, पक्षी आणि बावन्नावा खेळ

एखादी वस्तू अतिशय लोकप्रिय झाली, की तिच्यामागची वर्षे विसरली जातात. ‘अँग्री बर्ड्‌स’ या मोबाइल फोनवरील खेळाचे असेच झाले. बेचकीतून पक्षी सोडायचा आणि हिरव्या डुकरांचे मनोरे पाडायचे, हा खेळ आपल्या अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. तो डिसेंबर २००९ मध्ये आला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. परंतु तो तयार करणाऱ्या फिनलंडमधील ‘रोव्हिओ’ कंपनीचा हा बावन्नावा खेळ होता. आधीच्या एक्कावन्न खेळांची हकिगत पाहिल्याशिवाय या यशाचा अर्थ लागत नाही.

फिनलंड हा नोकिया कंपनीचा देश. १९९७ साली आलेल्या नोकिया ६११० या फोनवर तानेली आर्मांतो या अभियंत्याने ‘स्नेक’ हा सापाचा खेळ दिला, तेव्हापासून फोन हे खेळण्याचेही साधन झाले. २००३ साली हेलसिंकीच्या तंत्रविज्ञान विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी ‘असेंब्ली’ या संगणकप्रेमींच्या मेळाव्यातील मोबाइल खेळांची स्पर्धा जिंकली. नोकिया आणि ह्युलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी ती पुरस्कृत केली होती. विजेत्यांपैकी एक निक्लास हेड. स्पर्धेशी संबंधित पीटर व्हेस्टरबाका यांनी त्यांना स्वतःची कंपनी काढण्याचा सल्ला दिला. ‘रेलूद’ या नावाने ती सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव ‘रोव्हिओ’, म्हणजे शेकोटी, असे झाले.

खेळ रचण्याचे कौशल्य त्यांच्याजवळ होते. मग अडले कुठे? त्या काळी प्रत्येक फोनचा पडदा, कळा आणि स्मृती वेगळी असे. एकच खेळ चालवायचा तर त्याच्या कितीतरी आवृत्त्या कराव्या लागत. शिवाय ग्राहकापर्यंत जाण्याची वाट दूरध्वनी कंपन्यांच्या हाती होती. त्यांच्या यादीत ज्याला जागा मिळे, त्याचाच खेळ विकला जाई. त्यामुळे रोव्हिओने बरीच वर्षे मोठ्या प्रकाशकांसाठी ठेक्याने खेळ केले. कंपनी नावाला स्वतंत्र होती. काय करायचे हे मात्र बहुधा दुसरेच ठरवत. २००९ पर्यंत तिची परिस्थिती इतकी खालावली, की सुमारे ५० माणसांपैकी १२ उरली होती.

दरम्यान २००७ मध्ये आयफोन आला आणि जुलै २००८ मध्ये ॲपलने त्यावरील दुकान उघडले. आता एकाच फोनचा विचार करून खेळ रचता येत होता आणि विक्रीतील ७० टक्के वाटा कर्त्याला मिळत होता. रोव्हिओने या एका दुकानासाठी विचारपूर्वक खेळ करायचे ठरवले. २००९ च्या सुरुवातीस याक्को ईसालो या रचनाकाराने एक चित्र दाखवले : पाय नसलेले, पंख नसलेले, भुवया आक्रसलेले गोल पक्षी. खेळ कसा असेल हे ठरले नव्हते, पण पक्षी सर्वांना आवडले. त्या वर्षी ‘स्वाइन फ्लू’ची चर्चा सर्वत्र होती; त्यावरून शत्रू म्हणून डुकरे आली. खेळ प्रथम फिनलंडसारख्या छोट्या देशांत वर चढला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ॲपलने ब्रिटनमधील दुकानात तो ठळकपणे मांडल्यावर तिथेही पहिला आला.

विज्ञानशिक्षकाला रस वाटावा असा भाग यापुढे आहे. पक्ष्याचा मार्ग चित्रकाराने काढलेला नाही. तो गणिताने निघतो. सेकंदाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात गुरुत्वामुळे वेग किती बदलला आणि वेगामुळे स्थान किती बदलले हे काढायचे, आदळल्यास संवेगाचा हिशेब करायचा. हे काम करणारी आज्ञावली ‘बॉक्स२डी’. एरिन कॅटो या अमेरिकी अभियंत्याने २००६ मध्ये एका परिषदेतील व्याख्यानासाठी तिचे पहिले रूप लिहिले आणि पुढे ती सर्वांना विनामूल्य खुली केली. तिच्या परवान्यात श्रेय देण्याची सक्ती नव्हती, आणि खेळात कॅटोचे नाव नव्हते. २०११ च्या परिषदेत श्रोत्यांतून उठून त्याने स्वतःच बॉक्स२डीला श्रेय देण्याची विनंती केली. तिला होकार मिळाला.

खेळातले भौतिकशास्त्र कितपत खरे, हे वर्गात तपासता येते. अमेरिकेतील भौतिकीचे प्राध्यापक ऱ्हेट अलेन यांनी २०१० मध्ये खेळाच्या चित्रफितीवर मापे घेतली. आडवा वेग स्थिर होता आणि उभे त्वरण एकसारखे खाली. हे त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग मानले, तर बेचकी सुमारे ५ मीटर उंच आणि लाल पक्षी सुमारे ७० सेंटिमीटरचा ठरतो! पिवळा पक्षी मात्र स्पर्श करताच हवेतच वेग घेतो. तिथे संवेग अक्षय्यतेचे काय होते, हा प्रश्न नववीच्या मुलांना जरूर विचारावा.

पुढे कंपनी झपाट्याने फुगली. २०१२ मध्ये ‘अँग्री बर्ड्‌स स्पेस’साठी अंतराळवीर डॉन पेटिट यांनी अवकाश स्थानकातून खेळण्यातल्या पक्ष्याद्वारे सूक्ष्म गुरुत्व समजावले. पण फोनवरील खेळ फुकट देऊन आतील वस्तू विकण्याची रीत रूढ झाली. २०१४ आणि २०१५ मध्ये रोव्हिओने मोठी नोकरकपात केली. २०१७ मध्ये तिचे समभाग हेलसिंकीच्या बाजारात आले आणि २०२३ मध्ये जपानच्या सेगा कंपनीने ती सुमारे ७० कोटी ६० लाख युरोंना घेतली.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली. एकदाच पैसे देऊन घ्यायचा मूळ खेळ रोव्हिओने आदल्या वर्षी नव्याने आणला होता. त्याचा आपल्या इतर खेळांवर परिणाम होतो, असे सांगून तिने तो गूगलच्या दुकानातून काढला. ज्या खेळाने कंपनीला ठेकेदारीतून सोडवले, तोच तिला अडचणीचा वाटू लागला. स्वातंत्र्य एकदा मिळवले म्हणजे कायमचे राहते असे नाही, हे या इतिहासातून दिसते. आणि ते मिळाले तेव्हाही केवळ एका चांगल्या कल्पनेने मिळाले नव्हते. सहा वर्षांचा सराव, बाजाराची बदललेली वाट आणि दुसऱ्या कुणीतरी खुले ठेवलेले ज्ञान, या तिन्हींची त्याला जोड होती.