मेंदूंत फुटलेली चारी
भवानीनगरच्या उसाला नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी. रात्रीं कोणी चोरून चारी फोडली, तर कालवा वाहता दिसतो, पण पाणी भलत्याच रानांत मुरतें. मेंदूंतील ग्लायोमा या अर्बुदाची रीत अशीच. ती उमगावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

१८५६ सालीं जर्मन पंडित फिर्शो यानें मज्जापेशींमधील भरणीला ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेचा सरस, असें नांव दिलें. ग्लायोमा हें नांव त्यावरूनच. सरसाची गांठ ती काय बोलणार! १८८४ सालीं लंडनला गॉडली या शस्त्रवैद्यानें एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूंतून ती काढली. महिन्याभरांत रोगी जंतुदोषानें गेला. १९४१ सालीं परळला टाटा रुग्णालय उघडलें, तेव्हांहि अर्बुद म्हणजे कापावयाचा किंवा किरणांनीं जाळावयाचा गोळा, एवढेंच.

२०१९ सालीं हायडेलबर्गचे विंकलर आणि स्टॅनफर्डच्या मॉन्जे यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, निरोगी मज्जापेशी अर्बुदाच्या पेशींशीं चक्क सांधे जुळवितात. मज्जापेशी ग्लुटामेट सोडते, अर्बुदांत वीज खेळते आणि तें फोफावतें. उलट अर्बुदहि ग्लुटामेट सोडून शेजाऱ्यांस चिथावतें. पुष्कळ रोग्यांना फेफरें येतें तें त्यामुळेंहि. विचार करणें हेंच शत्रूला खत व्हावें, हें मला फार क्रूर वाटतें. हा संवाद तोडण्यासाठीं फेफऱ्यावरचेंच पेरॅम्पॅनेल हें औषध जर्मनींत रोग्यांवर पडताळून पाहण्यास पुढें आरंभ झाला.