रंगाविना रंगलेली चित्रे

चित्र रंगवायचे म्हटले की रंग आणि कुंचला हवाच, असे आपण धरून चालतो. पण १९६७ साली ऑस्टीन वुड कोमारो या अमेरिकन चित्रकर्तीने रंगाचा एक थेंबही न वापरता रंगीत चित्रे करायला सुरुवात केली. सेलोफेनसारख्या, सेल्युलोजपासून बनलेल्या पारदर्शक पटलांचे तुकडे हे तिचे माध्यम होते. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर त्यांत काहीच दिसत नाही. मात्र हे तुकडे दोन पोलरॉइडांच्या मध्ये ठेवून मागून प्रकाश सोडला, की निळे, जांभळे, केशरी रंग उमटतात. पुढचे पोलरॉइड फिरवले की रंग पालटतात. 'ध्रुवण' आणि 'कोलाज' यांच्या इंग्रजी शब्दांची सांगड घालून तिने या कलेला 'पोलाज' असे नाव दिले.

हे रंग येतात कोठून? हा प्रश्न या चित्रांपेक्षा दीडशे वर्षांनी जुना आहे. प्रकाश म्हणजे कण की तरंग, या वादाचा निकाल लावण्यात त्याच्या उत्तराचा मोठा वाटा होता.

या कथेची सुरुवात कॅल्साइट या खनिजापासून होते. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही ते सापडते. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये आइसलंडहून आलेल्या स्वच्छ कॅल्साइटमधून पाहिले, तेव्हा प्रत्येक वस्तू दुहेरी दिसली. एकाच किरणाचे दोन किरण होत होते. पुढे १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतिएन मालूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश अशाच स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांपैकी आलटून पालटून एक मंद होई. परावर्तनाने प्रकाशाला जणू एक ठरावीक दिशा मिळाली होती. मालूस प्रकाशाला कण मानत. चुंबकाला ध्रुव असतात तशा या कणांना बाजू असाव्यात, या कल्पनेतून त्यांनी 'ध्रुवण' हा शब्द रूढ केला.

१८११ मध्ये फ्रांस्वा अरागो यांनी अभ्रकाचा पातळ पापुद्रा आकाशासमोर धरला आणि तो कॅल्साइटमधून पाहिला. निळ्या आकाशाचा प्रकाश अंशतः ध्रुवित असतो. रंगहीन अभ्रकात त्यांना झगझगीत रंग दिसले, आणि दोन प्रतिमांतले रंग परस्परांचे पूरक होते. आपण आज चिकटपट्टीत पाहतो ते हेच रंग.

झाँ बातिस्त बिओ यांनी कणांच्या आधारे या रंगांची उपपत्ती मांडली. उलट ओगुस्तँ फ्रेनेल तरंगांच्या बाजूचे होते. फ्रेनेल आणि अरागो यांनी प्रयोगाने दाखवले, की परस्परांना लंब दिशांनी ध्रुवित झालेल्या दोन किरणांचे व्यतिकरण होत नाही. ते व्हायचे तर दोघांना पुन्हा एका दिशेत आणावे लागते. प्रकाश ध्वनीसारखा अनुतरंग असता, तर 'लंब दिशा' या शब्दांना अर्थच उरला नसता. म्हणून १८२१ मध्ये फ्रेनेल यांनी प्रकाश हा अवतरंग आहे असे जाहीर केले. खुद्द अरागो यांना हे पाऊल फार धाडसाचे वाटले. ज्या रंगांकडे आपण शोभा म्हणून पाहतो, त्यांनी प्रकाशाविषयीची समजूत अशी बदलली.

आता आपल्या पट्टीकडे वळू. सेलोफेन तयार होताना ताणले जाते आणि त्यातील सेल्युलोजच्या लांब साखळ्या बहुतांशी एका दिशेने लागतात. त्यामुळे साखळ्यांच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि त्याला लंब दिशेने कंप पावणारा प्रकाश यांचे वेग वेगळे पडतात. पहिल्या पोलरॉइडमधून आलेला प्रकाश पट्टीत या दोन घटकांत विभागला जातो. बाहेर पडेपर्यंत एक घटक किंचित मागे पडतो. दुसरे पोलरॉइड दोघांना एका दिशेत आणते आणि त्यांचे व्यतिकरण होते. समजा, हा फरक ५५० नॅनोमीटर आहे. पोलरॉइड परस्परांना लंब असतील, तर ५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश नाहीसा होतो आणि उरलेला प्रकाश जांभळट दिसतो. पोलरॉइड समांतर केली, की हिरवा परत येतो. पट्टीचे थर वाढवले की हा फरक वाढतो आणि रंग बदलतो. कोमारो यांच्या हातात रंगपेटीऐवजी होती ती थरांची जाडी आणि तुकड्यांची दिशा.

मात्र पोलरॉइड सहज मिळू लागेपर्यंत ही कला घडणे अवघड होते, आणि त्यामागेही शोभेचीच ओढ होती. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्याकडे एका विद्यार्थ्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकले, तेव्हा हिरवट स्फटिक तयार झाले. हे स्फटिक प्रकाशाचे ध्रुवण करीत. पण ते अतिशय नाजूक असत. शोभादर्शकाचे जनक डेव्हिड ब्रूस्टर यांनी शोभादर्शकावरील आपल्या पुस्तकात या स्फटिकांचा उल्लेख केला. तो वाचून एडविन लँड या अमेरिकन तरुणाच्या मनात कल्पना आली, की मोठा स्फटिक वाढवण्याचा खटाटोप हवाच कशाला? असंख्य सूक्ष्म स्फटिक एका दिशेने लावले तरी चालेल. १९२९ मध्ये त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला. १९३८ मध्ये त्यांनी स्फटिकही वगळले आणि ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पटलात आयोडीन बसवले. आजच्या एलसीडी पडद्यांतील ध्रुवक याच पद्धतीचे वंशज आहेत.

म्हणून हा प्रयोग वर्गात करणे आता सोपे आहे. संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करा. त्याचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो. काचेच्या पट्टीवर चिकटपट्टीचे एक, दोन, तीन असे थर वेगवेगळ्या दिशांनी लावा आणि ध्रुवक चष्म्यातून पाहा. सगळ्याच चिकटपट्ट्या रंग देत नाहीत, तेव्हा आधी दोनतीन प्रकार तपासून घ्यावेत. मग एकाच थराची पट्टी पडद्यासमोर तिरपी, उभी, आडवी फिरवा. चष्मा पडद्याला लंब स्थितीत असेल, तर रंगाची छटा तीच राहते, तेज मात्र कमीजास्त होते. याउलट चष्मा फिरवला तर छटाच बदलते. असे का, हे लगेच सांगून टाकू नये. दोन्ही निरीक्षणे मुलांना वहीत लिहू द्यावीत, आणि पट्टी स्वतः रंगीत असती तर काय दिसले असते, हे आधी विचारावे.