थेम्सच्या सांडव्यांची कुळकथा

पावसात मैलापाणी नदीत गेले की गटार तुंबले किंवा फुटले असावे, असे आपण धरून चालतो. लंडनमध्ये मात्र ते नदीत सोडण्याची सोय मुद्दाम, हिशेब करून बांधलेली होती.

लंडनची जुनी गटारे पावसाच्या पाण्यापुरतीच होती. घरातला मैला त्यांत सोडायला १८१५ पर्यंत बंदी होती. तो घराखालच्या खड्ड्यात साठे आणि रात्री उपसून नेला जाई. पुढे फ्लशचे संडास आले, खड्डे ओसंडू लागले आणि १८४८ नंतर घरे गटारांना जोडण्याची सक्ती झाली. गटारे थेम्सला मिळत होती, आणि पिण्याचे पाणीही बरेचसे थेम्सचेच! १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली, की संसदेचे पडदे क्लोराइडयुक्त चुन्यात भिजवावे लागले. नव्या गटारांसाठीचा रेंगाळलेला कायदा मग ऑगस्टमध्येच मंजूर झाला. खासदारांच्याच नाकाशी आले होते ना!

अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी जुनी गटारे मोडली नाहीत. नदीकडे उतरणाऱ्या त्या गटारांना आडवी छेदणारी विटांची मोठी गटारे त्यांनी घातली आणि मैला पूर्वेला, बेक्टन व क्रॉसनेसकडे वळवला. पण पाऊस आणि मैला वाहणार एकाच गटारातून. ते भरले तर पाणी उलटे घरांत शिरणार. म्हणून जुन्या गटारांच्या तोंडाशी सांडवे ठेवले: ठरावीक पातळीच्या वरचे पाणी थेट थेम्समध्ये. कॉलऱ्याने हजारो माणसे नुकतीच गेलेली असताना घरे वाचवण्याचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

चुकले ते पुढच्यांचे. बॅझलजेट यांनी चाळीसएक लाख वस्ती धरली होती. ती दुपटीवर गेली, मोकळ्या जमिनीवर काँक्रीट आले, सांडवे तेच राहिले. वादळापुरती ठेवलेली वाट सरासरी आठवड्याला एकदा वाहू लागली. वर्षाला सुमारे ३.९ कोटी टन मैलापाणी नदीत! २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने यासाठी ब्रिटनला दोषी ठरवले.

पाऊस आणि मैल्याची गटारे वेगळी करायची तर सगळे शहर खणावे लागले असते. त्याऐवजी, बहुतांशी नदीखालूनच, २५ किलोमीटर लांबीचा ‘टाइडवे’ बोगदा खोदला. सर्वांत घाण ओकणाऱ्या ३४ सांडव्यांचा बंदोबस्त हे त्याचे काम. सांडव्यांचे पाणी त्यात साठते आणि तिथून बेक्टनच्या शुद्धीकरण केंद्राकडे जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटची जोडणी झाली. सांडवे मात्र बुजवलेले नाहीत. फार मोठ्या पावसात बोगदाही भरेल आणि वर्षातून चार-दोन वेळा ते वाहतील, हे आराखड्यातच धरलेले आहे.