काडेपेटीतला अल्केन

अंबरनाथ म्हटलं की १०६० चं शिवमंदिर आठवतं. रसायनशास्त्रवाल्यांनी याच गावाची काडेपेटीही लक्षात ठेवावी. १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर विम्को कंपनी स्थापन झाली. तिचा एक कारखाना इथे होता.

काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, पेटीच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस. पण गुल क्षणभरच भडकतो. तेवढ्यात लाकूड पेटावं म्हणून काडीचं टोक आधी पॅराफिन मेणात बुडवतात. हे मेण म्हणजे लांब साखळीचे अल्केन.

१८३० मध्ये रायशेनबाखने त्याला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये अर्थ ‘फारशी ओढ नसलेलं’, कारण ते आम्लांना, अल्कलींना दाद देईना. मग पेटतं कसं? नाव सांगतं ते अभिक्रियेच्या वेगाबद्दल, साठलेल्या ऊर्जेबद्दल नाही. गुलाच्या उष्णतेने मेणाची वाफ होते, ती पेट घेते, आणि पुढची उष्णता ज्वलनातूनच मिळत राहते.

मेणाऐवजी इथेनॉल का नाही? ते ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे काडीवरून केव्हाच उडून गेलं असतं. शिवाय हायड्रॉक्सिल गटामुळे ते पाण्यात मिसळतं. मेण टिकतं आणि ओलही दूर ठेवतं.

म्हणून नोट्समध्ये ‘अल्केन निष्क्रिय असतात’ असं दिसलं की विचारा: कोणाशी? किती तापमानाला? संशोधनाचा प्रश्न असाच तयार होतो.