रेलून निजण्याचा इतिहास : आलापल्लीचा साग आणि आनंदवनातली खाट

श्रोतेहो, इतिहासाच्या पुस्तकातली माणसं एक तर उभी असतात, नाहीतर घोड्यावर बसलेली. निजलेल्या माणसाचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. आणि ज्याला धड निजताही येत नाही, जो सांधा ठणकतोय किंवा पोटाला टाके पडलेत म्हणून रात्रभर अर्धवट रेलून पडलेला असतो, त्याचा तर नाहीच नाही. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतून. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली, त्यामुळे त्याआधीचं बोलताना मी 'चांदा' म्हणेन तेव्हा दोन्ही जिल्हे धरा.

सुरुवात लाकडापासून करू. जुन्या फॉरेस्ट रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात एक लांबलचक खुर्ची असायची. पाठ मागे कललेली, बसायला वेताची वीण, आणि हात इतके लांब की साहेबाने बूट काढून पाय त्यांवर पसरावेत. आपण तिला आरामखुर्ची म्हणतो. ती सागाची असे, कारण सागात तेल असतं, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळ्यात ते फारसं फुगत नाही. सागासाठी आपला मुलूख प्रसिद्धच. आलापल्लीजवळचा जुन्या उंच झाडांचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवलाय. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कमलापूरला आज लोक हत्ती बघायला जातात. ते हत्ती मुळात लाकूड ओढण्यासाठी होते. १९२९ मध्ये काझीपेट-बल्लारशाह रेल्वे जोडली गेली आणि इथून उत्तरेला आणि दक्षिणेला दोन्हीकडे गाडी जाऊ लागली. सागाची ख्याती अजून टिकून आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान बल्लारपूरहूनच गेलं.

म्हणजे रेलण्याचं लाकूड इथलं. पण रेलायचं कुणी? ज्याने झाड तोडलं, ओंडका ओढला, त्याच्या घरी खुर्ची नव्हती. बाज होती, नाहीतर जमीन. आणि कंबर तर त्याचीच दुखत होती! धानाची रोवणी आठवा. बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून उभं राहायचं. उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायचा, तोही वाकून. मग तेंदूपत्ता. झुडपं कमरेइतकी, पानं खुडत फिरायचं आणि घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसायचं. वर्षातून तीन हंगाम मणका असा वाकतो. आरामखुर्ची ही आरामाची गरज असलेल्यापेक्षा आरामाचा हक्क असलेल्यासाठी बनली, असं माझं मत आहे. तुम्हाला ते कडक वाटलं तर वाटू द्या.

दवाखान्यात हीच रेललेली स्थिती वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेतले शल्यविशारद जॉर्ज फाउलर यांनी १९०० च्या सुमारास असं मांडलं की पोटात पू झालेल्या रोग्याला सपाट न निजवता अर्धवट बसतं ठेवावं, म्हणजे पू खाली ओटीपोटात उतरतो आणि बाहेर काढता येतो. प्रतिजैविकं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. रोग्याला बसतं ठेवण्यासाठी उशांचे ढीग लागत, रोगी घसरत, परिचारिका वैतागत. मग १९०९ मध्ये विलिस गॅच यांनी मध्ये बिजागरी असलेला पलंग आणला. आपल्या ग्रामीण रुग्णालयात हँडल फिरवून डोकं वर करायचा जो लोखंडी पलंग असतो, तो त्याचाच वंशज. घरात झोपायची कलती खुर्ची आणखी पुढे, १९२८ मध्ये मिशिगन राज्यात दोन चुलतभावांनी लाकडी पट्ट्यांची बनवली. ती ओसरीत ठेवायची होती, रोग्यासाठी नव्हतीच. आज आपण तिला 'रिक्लायनर' म्हणतो.

आता वरोऱ्याला येऊ. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं राहिलं. १९७३ मध्ये हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हे तुम्हाला पाठ आहे. पण त्यांच्या पाठीच्या कण्याकडे आपण इतिहास म्हणून बघत नाही. मान आणि कंबर दोन्हीकडचे मणके झिजल्यामुळे या माणसाला कित्येक वर्षं बसताच येत नव्हतं. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. अधलंमधलं काही नाही. १९८५ च्या डिसेंबरात सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून 'भारत जोडो' घेऊन काश्मीरकडे निघाले ते बसमधल्या बिछान्यावर पडून. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले, तिथेही भेटायला येणाऱ्यांशी बोलणं खाटेवरूनच. सागाच्या जिल्ह्यातला सर्वांत नामवंत माणूस, आणि खुर्ची त्याच्या काही उपयोगाची नाही!

असं का व्हावं? स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर पाठीवर निजल्यावर तो २५ च्या आसपास आणि आधाराशिवाय बसल्यावर १४०. बसणं हे उभं राहण्यापेक्षा जड, हे तेव्हा कुणाला खरं वाटेना. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा मापं घेतली. त्यांना साधं बसणं उभं राहण्याइतकं किंवा किंचित कमीच भरलं, म्हणजे वाद मिटलेला नाही. पण खुर्चीत मागे रेलून पडलं की दाब उभ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो, हे त्या मापांतही दिसलं. पाठीचं वजन खुर्चीची पाठ घेते, बस. बाबांचा आजार त्याच्याही पलीकडे गेलेला होता.

गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावोगावच्या कंबरदुखीची पाहणी केली. मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज यांच्या साथीने शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात मणक्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की मोह वेचणाऱ्या बाईची कंबर हा 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचा विषय राहिला नाही, तो मोजायचा आणि उपचाराचा विषय झाला.

पण शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर काय? खांद्याची शस्त्रक्रिया झाली की सपाट निजल्यावर हात मागे पडतो आणि टाका ओढतो. म्हणून डॉक्टर सांगतात, काही आठवडे खुर्चीत रेलून झोपा. हृदयासाठी छातीचं हाड कापलेल्याला हाताचा जोर न देता उठायचं असतं, त्यालाही रेलणं सोयीचं. शहरात लोक रिक्लायनर भाड्याने आणतात. धानोरा तालुक्यातल्या घरी कुठून येणार? तिथे जुन्या सुईणी-परिचारिकांची युक्ती चालते. लाकडी खुर्ची उलटी करून बाजेच्या उशाकडे ठेवायची, तिच्या कलत्या पाठीवर गोधडी टाकायची आणि रेलायचं. खुर्ची नसेल तर धानाचं भरलेलं पोतं. घसरू नये म्हणून मांड्यांखाली चादरीची गुंडाळी. साहेबाच्या व्हरांड्यात जो कोन होता तोच हा, फक्त गोधडीवरचा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, कारण घरोघरी घोटाळा इथेच होतो. कृत्रिम गुडघा बसवलेल्याने रात्रभर गुडघा वाकवून खुर्चीत पडू नये. गुडघ्याखाली उशी छान वाटते, पण तसाच ठेवला तर तो वाकलेलाच आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. खुब्याचा सांधा बदललेल्याला डॉक्टर बुटक्या आसनावर बसू देत नाहीत, मग जमिनीवरून उठणं तर लांबच; त्याची बाज विटा लावून उंच करावी लागते. आणि महिनोन् महिने खुर्चीतच झोपलं तर पाय सुजतात, माकडहाडाशी कातडी सोलते. म्हातारं माणूस असेल तर दोन-दोन तासांनी त्याची कूस बदला, दिवसा चालवा.

वेळ झाली आहे. आरामखुर्चीवर कुणाकडे जुने फोटो असतील, विशेषतः सिरोंचा-अहेरीकडच्या रेस्ट हाऊसचे, तर नंतर मला जरूर दाखवा. आता प्रश्न घेऊ या.