ऑनलाइन व्यवसाय आणि ग्राहकाशी संवाद : पाळावयाचे संकेत

लालबाग, परळ, दादर, गिरगाव या भागांत घरातून चालणारा छोटा व्यवसाय नवा नाही. गिरण्यांच्या काळात चाळीच्या खोलीत स्त्रिया कामगारांसाठी खाणावळी चालवत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खाणावळीचे नाव तोंडोतोंडी पसरे आणि तसेच बिघडेही.

आज डबे, मसाले, शिवणकाम, पुस्तके, छपाई असे व्यवसाय आपले तरुण-तरुणी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर चालवतात. ग्राहकाची तक्रार आणि आपले उत्तर, दोन्ही चारचौघांसमोर राहतात. दुकानाचे भाडे न परवडणाऱ्या माणसाचे खरे भांडवल विश्वास हेच असते. म्हणून पुढील संकेत आम्ही मांडत आहोत.

किंमत उघड लिहावी. "किंमत इनबॉक्समध्ये विचारा" ही सवय सोडावी. माणूस आणि आडनाव पाहून भाव सांगितला जातो, अशी शंका ग्राहकाला येऊ नये. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सर्व आकारांसह एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते. घरपोच पाठवण्याचा खर्चही आधीच सांगावा.

तक्रारीला वेळेत उत्तर द्यावे. याच नियमांनुसार ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. छोट्या व्यावसायिकाने हाच मापदंड धरावा. उघड उत्तर थोडक्यात असावे : "डबा उशिरा पोहोचला, क्षमस्व. ऑर्डरचा तपशील खासगी संदेशात कळवा, आज संध्याकाळपर्यंत उत्तर देतो." त्यानंतर शब्द पाळावा. ग्राहकाचा पत्ता, फोन नंबर किंवा आपसातले चॅट सर्वांसमोर टाकू नये. तक्रार खरी असेल तर ती पुसून टाकू नये. पुसलेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट जास्त फिरतो.

खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास वरील नियमांत मनाई आहे. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय मागणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. मित्रमंडळींच्या पाच ताऱ्यांपेक्षा एका नाराज ग्राहकाला दिलेले सभ्य उत्तर जास्त काम करते.

ग्राहकाचा नंबर जपावा. न विचारता कोणाला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेऊ नये. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो आणि त्याचा त्रास विशेषतः स्त्रियांना होतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. तिच्यातील संदेश आपला नंबर जतन केलेल्यांनाच मिळतो आणि ग्राहकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. "नको" म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढावे.

दिवसाचे भान ठेवावे. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी "शुभेच्छा" किंवा "धमाका ऑफर" लिहिणे शोभत नाही, अभिवादन लिहावे. शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या स्टॉलची जागा, ग्रंथांची यादी आणि किंमत कळवण्यात मात्र काहीच गैर नाही, उलट लांबून येणाऱ्या अनुयायांची सोय होते. चैत्यभूमीच्या रांगेतील माणसांचे फोटो परवानगीशिवाय जाहिरातीत वापरू नयेत. आनंदाची शुभेच्छा द्यायला १४ एप्रिल आहे.

तक्रार आणि शिवीगाळ यांत फरक करावा. मालाबद्दलची कडक भाषा ऐकून घ्यावी. जातिवाचक शिवी ही तक्रार नव्हे. तिला शिवीने उत्तर देऊ नये. तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, मग टिप्पणी लपवावी आणि पोलिसांकडे किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आपल्या पानावर दुसऱ्या ग्राहकाला अशी शिवी पडली, तरीही गप्प बसू नये.

हे संकेत ग्राहक म्हणूनही आपल्याला उपयोगी आहेत. मोठी कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण शेजारच्या चाळीतील ताईचा डबा एकदा खारट झाला, तर एक तारा देण्याआधी तिला एक फोन करावा. उत्तर देण्याची संधी तिलाही मिळायला हवी.